बुटांवरची फुलं

आइंडहोवन, १६ ऑक्टोबर २००५

ती. मामा,

वाकून नमस्कार करायला गेले तर इथे रेडिएटरवर डोकं आपटतं, म्हणून बसूनच करते आहे, चालवून घ्या. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ई-मेलला तुम्ही हात लावणार नाही, तेव्हा पत्र. एका परीने बरंच आहे, कारण हे मला फोनवर बोलता आलं नसतं. माझ्या हातून काहीतरी चूक झाली आहे आणि नेमकी कोणती ते कळत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर ओक्ताव नावाचा एक रोमानियन राहतो. एकतीस वर्षांचा, पेशाने फुटबॉलपटू. इथून अर्ध्या तासावरच्या एका दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडून खेळतो. तुमचा जावई ऋषभ सकाळी त्याच्या कॉम्प्युटरच्या चिपा बनवायच्या मशिनच्या कंपनीत गेला की मी आठवड्यातून तीनदा वस्तीच्या हॉलमध्ये डच शिकायला जाते, तिथे तो माझ्याच बाकावर बसतो. दोघांचंही डच सारखंच कच्चं, त्यामुळे आमचं छान जमलं होतं. माझे मामा कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघातून लेफ्ट विंगला खेळायचे हे सांगितल्यापासून तर त्याने मला मॅडम म्हणणं सोडलं.

दसऱ्याला मी पाट मांडला. ऋषभचा लॅपटॉप, माझं पोळपाट-लाटणं, सायकलची किल्ली. तरी पाट रिकामा वाटला. कॉलेजची पाच वर्षं तुमच्या घरी राहिले, दर दसऱ्याला तुमचे ते जुने बूट मीच पुसून पाटावर ठेवायचे, म्हणून असेल. मग खाली जाऊन ओक्तावकडे एक तासासाठी त्याचे बूट मागितले. ऋषभला माप बघायचं असेल असं समजून त्याने लगेच दिले. मी ते स्वच्छ केले, हळदकुंकू लावलं. गॅलरीतल्या कुंडीत झेंडूची दोनच फुलं उरली होती, ती एकेका बुटावर ठेवली. लॅपटॉपला नुसत्या अक्षतांवर भागवलं.

बूट न्यायला तो वर आला आणि दारातच थांबला. चेहरा पांढरा पडला त्याचा. दोन्ही फुलं उचलून त्याने जिन्याच्या कठड्यावर ठेवली, बूट काखेत घेतले आणि तसाच खाली गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात दुसऱ्या बाकावर बसला. आणि काल मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला, मामा. स्ट्रेचरवरून नेलं म्हणे.

ऋषभ म्हणतो, तो ख्रिश्चन, त्याला हळदकुंकू आवडलं नसेल. मला सारखं वाटतंय की त्याचा गुडघा माझ्यामुळे गेला. मामींना हे वाचून दाखवू नका, त्या उगाच काळजी करतील.

मृदुला

कोल्हापूर, २ नोव्हेंबर २००५

चि. मृदुला,

आशीर्वाद आहेतच, पण आधी रागावतो. गुडघा हळदकुंकवाने जात नाही. गुडघा जातो तो अंगावर आलेल्या माणसामुळे, नाहीतर ओल्या गवतात बुटाचे खिळे रुतले की. एवढं शिकवून पोरीला परदेशी पाठवली आणि ती हे लिहिते.

पत्र मामीने वाचलंच. पाकीट तीच फोडते, हे तू विसरलीस.

आता माझं ऐक. धर्माचं काही नसणार. खेळणारी माणसं आपापल्या खुळाची असतात. आमचा गोली मैदानात जाताना उजव्या हाताने कुणाला शिवायचा नाही, आणि मी डावा बूट आधी घालायचो. उजवा आधी गेला तर दोन्ही काढून पुन्हा घालायचो. तू त्याच्या कसल्यातरी खुळावर पाय दिलास, दुसरं काही नाही. ते काय होतं ते ऋषभला विचारून कळायचं नाही. खाली जा आणि त्यालाच विचार. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, शिरा घेऊन जा. बूट मागायला गेलीस तशी माफी मागायलाही जा.

आणि मला कळव, गुडघा आतल्या बाजूने दुखतो की बाहेरच्या? लगेच सुजला की दुसऱ्या दिवशी? जाताना आवाज झाला का?

माझ्या बुटांचं म्हणशील तर ते ह्या वर्षीही पाटावर होते. मामीने पुसले. तू पुसायचीस तशी चमक आली नाही, हे तिच्यासमोर म्हणालो आणि दोन दिवस कोरडी भाकरी खाल्ली.

गुरुनाथमामा

आइंडहोवन, २७ नोव्हेंबर २००५

ती. मामा,

शिरा घेऊन गेले. बेल वाजवल्यावर बराच वेळ कुबड्यांची टकटक ऐकू येत होती, मला वाटलं आता पळून जावं. त्याने दार उघडलं, वाडग्याकडे पाहिलं आणि आत ये म्हणाला.

तुमचं बरोबर होतं. त्याच्या देशात जिवंत माणसाला फुलं द्यायची तर एक, तीन, पाच अशी विषम देतात. सम फुलं फक्त मेलेल्याला. त्याची आई बाजारातून तीन घेऊन निघाली आणि वाटेत एक मोडलं, तर आणखी एक टाकून देते, हातात दोन ठेवून घरी येत नाही. आणि मी त्याच्या बुटांवर मोजून दोन ठेवली होती. त्याच्या डोळ्यांना काय दिसलं असेल सांगा. बूट मेले. आणि तीनच दिवसांनी ते खरं झालं.

मी रडायलाच लागले. मग त्यानेच मला पाणी दिलं, एका कुबडीवर तोल सांभाळत. म्हणाला, तुझ्या देशात ह्याचा अर्थ काय? मी सांगितलं की आमच्याकडे माणसाचं पोट ज्याच्यावर चालतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करतात. हे मला डचमध्ये सांगायला दहा मिनिटं लागली.  मग त्याने शिरा खाल्ला आणि मला मक्याचा घट्ट सांजा वाढला, आपल्या कण्यांसारखाच. आईने शिकवलाय.

त्या दिवशी त्याने सगळं सांगितलं. वडील रेल्वेत सांधेवाले होते, ते गेले. सतराव्या वर्षी तो कारखान्याच्या संघात आला. पुढे तुर्कस्तान, मग बेल्जियम, मग इथे. देशाच्या संघातून एकदाच खेळला, एकोणीस मिनिटं. दोन वेळा चेंडू पायात आला, ते दोन्ही पास कुठे गेले हे त्याने मला टेबलावर मीठदाणी आणि चमचा ठेवून दाखवलं.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. आतल्या बाजूने, लगेच सुजला, आवाज झाला. ह्याच गुडघ्याची आधी दोन ऑपरेशनं झालीत. डॉक्टर म्हणतात तिसरं करता येईल, पण वर्ष जाईल, आणि मग पळता येईलच असं नाही, कदाचित नीट चालताही येणार नाही. करार जूनमध्ये संपतो आणि राहण्याचा परवाना करारावर आहे. क्लबने दुसरं एक विचारलंय. खेळणं आत्ता सोडायचं, डचची आणि प्रशिक्षकाची परीक्षा द्यायची, आणि लहान मुलांचा संघ शिकवायचा. पंधरा जानेवारीच्या आत हो की नाही सांगायचंय. त्याला ऑपरेशनच करायचंय. म्हणाला, "मैदानाच्या कडेला उभं राहून दुसऱ्यांना खेळताना बघणं मला जमणार नाही."

मामा, तुम्ही एकोणतिसाव्या वर्षी सोडलंत. राज्याच्या संघात नाव आलं होतं आणि गाडी सुटायच्या आठ दिवस आधी गुडघा गेला, एवढंच मला मामींनी सांगितलंय. तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. आता विचारते. पुढे तुम्ही काय केलंत? त्याला चार ओळी लिहा, मी समजावून सांगेन.

मृदुला

कोल्हापूर, १८ डिसेंबर २००५

चि. मृदुला, खालचा मजकूर तुझ्या शेजाऱ्यासाठी. नीट समजाव, घाई करू नकोस.

श्री. ओक्ताव यांस,

आपली ओळख नाही, पण गुडघा एकाच ठिकाणी गेलाय म्हणजे तशी आहेच. माझा १९७१ साली गेला. तेव्हा ऑपरेशन वगैरे नव्हतं, हाडवैद्याने लेप लावला आणि घरी बसायला सांगितलं.

पहिले सहा महिने वाईट जातात, ते तुम्हाला चुकणार नाहीत. संध्याकाळी पाच वाजले की पाय आपोआप दाराकडे वळतात. बायको चहा देते तो चांगला असला तरी वाईट लागतो. त्या दिवसांत कुणी सहानुभूती दाखवली तर त्याला मारावंसं वाटतं. हे सगळं होईल, होऊ द्या.

पण मग मी मैदानावर परत गेलो. गुडघा गेला म्हणून डोळे जात नाहीत. चेंडू कुठे पडणार हे ज्याला आधी दिसतं, त्याने ते दुसऱ्याला सांगितलं पाहिजे, नाहीतर ते आपल्याबरोबरच संपतं. गेली चौतीस वर्षं मी रोज पाच वाजता स्टेडियमवर जातो. पेठेतल्या पोरांना डावा पाय वापरायला शिकवतो. माझ्या हाताखालची दोन पोरं राज्याकडून खेळली. त्यांच्या पायात चेंडू असला की मला माझ्याच पायात असल्यासारखं वाटतं.

तेव्हा ऑपरेशन करू नका. चालता येणारा पाय मोडू नका. मैदानावर जा.

आपला,
गुरुनाथ

आइंडहोवन, २२ जानेवारी २००६

ती. मामा,

तुमचं पत्र मी आधी मराठीत मोठ्याने वाचलं, कारण तुमचा आवाज कसा असेल ते त्याला ऐकायचं होतं. मग डच, आणि अडलं तिथे हात आणि मीठदाणी. "चेंडू कुठे पडणार" हे वाक्य त्याने दोनदा वाचायला लावलं आणि वहीत रोमानियनमध्ये लिहून घेतलं.

बारा तारखेला तो क्लबला हो म्हणाला. ऑपरेशन रद्द. रविवारी आईचा फोन येतो तेव्हा तिलाही सांगितलं की भारतात एक म्हातारे गृहस्थ आहेत, चौतीस वर्षं रोज पाच वाजता मैदानावर जातात, मी त्यांच्यासारखं करणार आहे. (म्हातारे हा शब्द त्याचा, माझा नाही.) आई म्हणे रडली, आणि तुमच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावणार आहे. तुमचा वाढदिवस विचारून घेतलाय. इथे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात लावतात, सगळ्यांचीच रीत आहे ती, तेव्हा तुम्ही आता ओक्तावच्या संडासात आहात. मनाला लावून घेऊ नका, मीही तिथेच आहे.

त्याची एकच मागणी आहे. स्टेडियमवर पोरांबरोबरचा तुमचा एक फोटो. कपाटाच्या दारावर लावायचाय. ज्या दिवशी जावंसं वाटणार नाही त्या दिवशी बघायला.

मामा, पाच वर्षं तुमच्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी संध्याकाळी क्लासला असायचे, आणि तुम्ही रोज मैदानावर जात होतात. मला फार अभिमान वाटला.

मृदुला

कोल्हापूर, १४ फेब्रुवारी २००६

चि. मृदुला,

हे पत्र मी लिहिलंय हे तुझ्या मामांना कळू द्यायचं नाही. पोस्टात मीच टाकते आहे.

तुझे मामा चौतीस वर्षांत स्टेडियमवर एकदाही गेलेले नाहीत. शिकवायचं तर सोडच, त्या रस्त्याने जातसुद्धा नाहीत. मंडईला जायचं तर मागच्या गल्लीने वळसा घालतात, आणि मॅचच्या दिवशी आरडाओरडा घरापर्यंत येतो म्हणून खिडक्या लावून रेडिओ मोठा करतात. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा गुडघा गेला. तेव्हापासूनच्या सगळ्या संध्याकाळी मी पाहिल्यात. तू क्लासला असायचीस तेव्हा ते पाच ते सात खुर्चीत बसून असायचे. बूट तेवढे टाकू देत नाहीत.

त्यांनी खोटं का लिहिलं असं मी विचारलं. म्हणाले, खरं लिहिलं असतं तर त्या पोराने पाय मोडून घेतला असता. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. तुझं फोटोचं पत्र आल्यापासून जेवण निम्म्यावर आलंय. शेजारच्या दत्ताचा कॅमेरा मागून आणला, दोन दिवस टेबलावर ठेवला आणि परत दिला. तुला वाटेल ते कर, पण त्यांना रागावून लिहू नकोस.

तुझी,
कुमुदिनीमामी

आइंडहोवन, ५ मार्च २००६

ती. मामा,

फोटोची घाई नाही, तुमची तब्येत सांभाळा.

इथे वेगळीच अडचण आहे. मुलांचा सराव सुरू झालाय आणि ओक्ताव अजून एकदाही मैदानात गेलेला नाही. रोज वेळेवर निघतो, बसने जातो आणि क्लबच्या सायकलस्टँडपाशी थांबतो. तिथून आतली शिट्टी ऐकू येते. अर्धा तास उभा राहतो आणि परतीची बस धरतो. क्लबला सांगतो, गुडघा दुखतोय. आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं. एप्रिल संपायच्या आत सुरुवात केली नाही तर ते दुसऱ्या कुणाला घेतील, मग परवाना नाही, आणि त्याला परत जावं लागेल.

काल आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "आत गेलो तर मी खेळाडू राहणार नाही. बाहेर आहे तोवर आहे."

मग त्याने एक प्रश्न दिलाय, तो जसाच्या तसा लिहिते. तुझ्या मामांना विचार, पहिल्या दिवशी ते फाटकातून आत कसे गेले?

मी त्याला म्हटलं, विचारते. मला ह्याचं उत्तर माहीत नाही, मामा. ते तुमच्याकडेच मिळेल, आणि कितीही उशिरा मिळालं तरी चालेल असं म्हणाले असते, पण त्याच्याकडे वेळ थोडा आहे. तुमच्यावर माझा पूर्वी होता तेवढाच जीव आहे, हेही ह्यातच लिहून ठेवते.

मृदुला

कोल्हापूर, २३ मार्च २००६

चि. मृदुला, आणि ओक्ताव यांसही,

मी खोटं लिहिलं होतं. चौतीस वर्षं मी घरात बसून होतो. दोन पोरं राज्याकडून खेळली तीही माझी नव्हती, वर्तमानपत्रातली होती. तुझ्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि मामीकडे बघितलं. ती डाळ निवडत होती, अगदी मन लावून. तेव्हा समजलो की तुला सगळं कळलेलं आहे.

तुम्ही विचारलंत फाटकातून आत कसे गेलात. उत्तर माझ्याकडे नव्हतं. परक्या पोराला खोटं उत्तर एकदा दिलं होतं, दुसऱ्यांदा हात धजेना. म्हणून उत्तर शोधायला गेलो.

पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर शेंगदाणे घेतले, उभ्याने सगळे संपवले आणि परत आलो.  तिसऱ्या दिवशी मामी लुगडं बदलून दारात उभी. म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुम्ही मला एकदाही स्टेडियम दाखवलं नाही. मला आत बसून बघायचंय."

मी तिच्याबरोबर निघालो. फाटक आलं तसा माझा पाय थांबला. तिने माझ्या हाताला धरलं, भर रस्त्यात. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने पेठेत नवऱ्याचा हात धरला म्हणजे काय हे मृदुलाला कळेल, ती तुम्हाला सांगेल. लोक बघायला लागले, आणि बाहेर उभं राहण्यापेक्षा आत जाणं सोपं झालं.

आम्ही तिसऱ्या पायरीवर बसलो. पायऱ्या त्याच आहेत, गवत वाईट आहे. पोरं सराव करत होती. मला वाटत होतं रडू येईल, पण आला राग. डाव्या कडेचा एक पोरगा चेंडू आला की दर वेळी उजव्या पायावर घ्यायला वळत होता आणि तोवर समोरचा अंगावर येत होता. चार वेळा बघितलं. पाचव्या वेळी मी खाली उतरलो आणि त्याला सांगितलं. कसा उतरलो ते आठवत नाही. सहाव्या वेळी त्याने डाव्यावर घेतला. मग त्याने वळून माझ्याकडे बघितलं, आणि ओक्ताव, तुम्हाला खोटं लिहिलेलं ते तेवढं एक वाक्य खरं निघालं. माझ्याच पायात होता तो चेंडू.

मामी वरून शेंगदाणे खात होती. घरी येताना म्हणाली, मला खेळ काही कळला नाही, पण उद्या पुन्हा येते.

तेव्हा उत्तर असं. एकट्याने जायचं नाही. कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं. मृदुला, पत्र मिळालं की त्याच्याबरोबर बसने जा. आणि ओक्ताव, तुम्हाला माझ्यावर रागवायचं असेल तर जरूर रागवा, पण आतून रागवा.

फोटो सोबत आहे. दत्ताने काढलाय. मी डोळे मिटलेत, पण स्टेडियम चांगलं आलंय.

गुरुनाथ

आइंडहोवन, ३ ऑक्टोबर २००६

ती. मामा आणि मामी,

मधली खुशाली तुम्हाला कळवलीच आहे. एप्रिलमध्ये मी त्याच्या दंडाला धरून फाटकातून आत नेलं, जूनमध्ये तो डचची परीक्षा पास झाला (मी दुसऱ्यांदा बसणार आहे), ऑगस्टमध्ये प्रशिक्षकाची, आणि मागच्या महिन्यात नवा परवाना आला. तुमच्यावर तो रागावलेला नाही. तुमची कबुली वाचून झाल्यावर तो खूप हसला. म्हणाला, म्हणजे माझ्यामुळे ते आत गेले. ह्या गोष्टीचा त्याला इतका आनंद आहे की तो सगळ्या वर्गाला सांगून झालाय.

काल दसरा. ह्या वर्षी मी कुंडीत झेंडू भरपूर लावला होता, पण बूट मागायला गेले नाही. माझी हिंमत झाली नाही. नऊ वाजता बेल वाजली. ओक्ताव दारात, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. हातात तेच बूट, पॉलिश केलेले. त्याने ते स्वतः पाटावर ठेवले. कुंकू कुठे लावायचं ते त्याला आठवत होतं. मग दोन झेंडू मागितले आणि एकेका बुटावर ठेवले.  तो म्हणाला, "हे आता खेळणार नाहीत. त्यांना दोनच बरोबर आहेत."

मग खिशातून शिट्टी काढली, ती बुटांच्या मध्ये ठेवली आणि तिसरं फूल मागितलं.

मृदुला

कोल्हापूर, १६ ऑक्टोबर २००६

चि. मृदुला,

तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं. शेवटचं पान तिने माझ्या हातात ठेवलं, म्हणून ते मला स्वतःच वाचावं लागलं.

इकडचा दसरा सांगतो. मामी रागावली आहे. सकाळी तिने पाट मांडला आणि बूट शोधायला लागली. कपाटात नाहीत, माळ्यावर नाहीत. मी अंगणात बसून नाडी बांधत होतो, डावा आधी. मागच्या महिन्यात मोच्याकडून नवे तळवे घालून आणले होते आणि तिला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, आज तरी पूजेला ठेवा, आज कुणी आपलं हत्यार वापरत नाही. मी म्हटलं, पस्तीस वर्षं पूजा झाली त्यांची, आता पुरे, पोरं वाट बघतायत.

मग तिने माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, पाटावर ठेवली, तिच्यावर एक झेंडू ठेवला, नमस्कार केला आणि परत माझ्या गळ्यात घातली. ओक्तावला सांग, आमच्या पाटावर ह्या वर्षी एकच फूल होतं.

गुरुनाथमामा